दोन बोली, एक घसा

तू विचारलेलं आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुला बघता येईल. तू अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, चार वर्षं पुण्यात आहेस. दिवसभर ग्राहकसेवेच्या नोकरीत हेडफोन लावून बोलतेस आणि संध्याकाळी एकांकिकेच्या तालमीला जातेस. एका ऑडिशनला तुला सांगितलं गेलं, ‘आवाज छान आहे, पण भाषा गावाकडची आहे, शुद्ध करून ये.’ तेव्हापासून स्वतःच्या ‘ण’ आणि ‘ळ’वर तुझा पहारा सुरू आहे. तू आईशी फोनवर बोलायला लागलीस की रूमवरच्या मुली हसतात, म्हणतात, तुझ्यात दोन बाया राहतात. गावी गेलीस की आजी म्हणते, ‘पोरगी पुन्यावाली झाली माय.’ संध्याकाळपर्यंत घसा बसतो. आणि तुझा प्रश्न आहे, ‘यातला माझा खरा आवाज कोणता?’

वयाने तू माझ्या विद्यार्थिनींएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते आहे. मी वाचा-उपचार शिकले, काही वर्षं रुग्णांबरोबर काम केलं, आणि गेली 25 वर्षं नट, शिक्षक, निवेदक असे आवाजावर पोट असलेले लोक माझ्याकडे येतात. तुझा प्रश्न माझ्यासमोर दर वर्षी कुणी ना कुणी मांडतं. फक्त गाव बदलतं.

‘खरा आवाज’ बाजूला ठेवून आधी घशाचं बोलू, कारण ते थांबणारं नाही. साध्या बोलण्यात बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांना भिडतात, पुरुषाचे 100 ते 130 वेळा. तुझ्या नोकरीत दिवसाकाठी निव्वळ आवाज निघण्याचे दोन तास धरले तरी 14 लाखांवर धडका झाल्या. त्या वर एसीची कोरडी हवा. त्या वर तालीम. एवढं काम निरोगी घसा करू शकतो, पण मोकळा असेल तरच. तुझा मोकळा नसणार, असा माझा अंदाज आहे. ‘आता चुकेन’ या धास्तीने बोलणारं माणूस हनुवटी पुढे काढतं, जिभेचं मूळ मागे आवळतं आणि कंठ वर चढवून ठेवतं. आरशासमोर उभी राहा, गळ्याच्या मधोमध हलकं बोट ठेव आणि एकच वाक्य आधी आईला सांगितल्यासारखं, मग त्या परीक्षकांना सांगितल्यासारखं म्हण. दुसऱ्या वेळी बोटाखालचा कंठ वर सरकला, तर तुझ्या बसलेल्या आवाजाचं निम्मं कारण सापडलं.

उरलेलं निम्मं मला इथे बसून सांगता येणार नाही. पित्त वर येत असेल, थायरॉइड असेल, तंतूंवर गाठी धरल्या असतील, नाही तर नुसता थकवा असेल. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीतून तंतू बघून घे. शिक्षक, गायक आणि तुझ्यासारख्या फोनवर बोलणाऱ्यांत गाठी नवलाच्या नाहीत. बहुतेक वेळा त्या बोलण्याची सवय बदलून उतरतात, चाकू लागत नाही. पण आत काय आहे हे न बघता मी सांगितलेले व्यायाम करत बसू नकोस.

आणि हो, ज्येष्ठमध चघळ, खडीसाखर चघळ, बरं वाटतं. फक्त गिळलेली कुठलीही वस्तू स्वरतंतूंना शिवत नाही. ती शिवली तर ठसका लागतो. पाणी पिण्याचा फायदा अंगभर होतो आणि तो उशिरा होतो. तालमीच्या आधी घटाघटा दोन ग्लास पिऊन घसा ‘ओला’ होत नाही. सारखं खाकरणं सोड. कुजबुजून आवाजाला विश्रांती मिळते हाही गैरसमज आहे. दाबून केलेल्या कुजबुजीत घसा बोलण्याइतकाच आवळला जातो.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. वय 21, अंगापिंडाने दांडगा, वडिलांच्या दुकानात बसणारा. फोन उचलला की समोरून ‘ताई, दादा आहेत का घरात?’ असं यायचं. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. याचा उतरला नव्हता. यंत्र मोठं झालं होतं, पण ते वाजवायची सवय लहानपणचीच राहिली होती. अशा मुलांचा आवाज उतरवणं आमच्या धंद्यातलं त्यातल्या त्यात सोपं काम. खोकायला लावायचं, कंठ बोटाने थोडा खाली धरायचा, हुंकार काढायला सांगायचं. चौथ्या बैठकीत त्याचा भारदस्त आवाज खोलीत घुमला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

पुढच्या आठवड्यात आला तो पुन्हा बारीक आवाजातच. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, ‘घरी सगळे हसले. आई म्हणाली, कुणाचा आवाज काढतोस रे?’

त्या वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकांनी शिकवलं नाही. आवाज गळ्यात तयार होतो, पण तो ‘माझा’ आहे की नाही हे ऐकणारे ठरवतात. आईच्या कानात एक मुलगा बसलेला होता, आणि हा नवा माणूस तिला ओळखू येईना. मग आम्ही क्रम उलटा केला. नवा आवाज आधी पूर्ण अनोळखी माणसांवर वापरायचा. एसटीचा कंडक्टर, रिक्षावाला, दुसऱ्या पेठेतला चहावाला. त्यांना हा मुलगा पहिल्यापासून असाच भेटत होता, त्यामुळे हसायला कारणच नव्हतं. मग दुकानातलं गिऱ्हाईक, मग मित्र. घर शेवटी. दोन महिने लागले. नंतर त्याच आईने सांगितलं म्हणे, ‘याच्या बापाचाही असाच होता.’

तुझी गोष्ट तीच नाही, पण नात्यातली आहे. आपल्यात एक खरा आवाज लपलेला असतो आणि बाकीचे मुखवटे, हे मला पटत नाही. रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज प्रत्येकाला परका आणि पातळ वाटतो, कारण एरवी आपण स्वतःला कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो आणि हाडं खालचे स्वर भरून देतात. म्हणजे आपल्या ‘खऱ्या’ आवाजाचा जो भरदारपणा आपल्याला वाटतो तो बाहेर कुणीच ऐकलेला नाही! आईशी बोलतेस तो आवाज आईने आणि तू मिळून घडवलाय. ग्राहकाशी बोलतेस तो चार वर्षांत घडलाय. दोन्ही तुझेच. गडबड आहे ती दुसऱ्याच ठिकाणी. दुसरा आवाज तुला भीतीने शिकवला गेला, आणि ती भीती आता पहिल्यावरही पहारा देते आहे.

त्या ‘शुद्ध’ शब्दाचंही एकदा बघून घेऊ. शुद्धलेखनाचे म्हणून जे नियम आपण शाळेत घोकतो ते 1962चे, पुढे 1972 साली त्यांत भर पडली, आणि नावाप्रमाणे ते लिहिण्याचे आहेत. तोंडाला शुद्ध-अशुद्ध लावणं हा आपला घरगुती उद्योग. आज जिला प्रमाण मराठी म्हणतो ती मुख्यतः पुण्याच्या शिकलेल्या घरांतली बोली. एकोणिसाव्या शतकात शाळेची पुस्तकं, कोश, वर्तमानपत्रं त्या बोलीच्या आधाराने निघाली म्हणून ती सगळ्यांची झाली. ती झाली हे सोयीचंच आहे, नाहीतर गडचिरोलीच्या माणसाने सावंतवाडीच्या माणसाशी पत्रव्यवहार कसा केला असता? पण सोय म्हणजे सोवळं नव्हे. गंमत बघ, पुण्या-मुंबईतली इंग्रजी शाळांतली कितीतरी मुलं ‘चमचा’तले दोन्ही ‘च’ ‘चहा’तल्यासारखे म्हणतात. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतला फरक त्यांच्या तोंडून पुसला गेलाय. त्यांना कुणी ‘शुद्ध करून ये’ म्हणत नाही. त्यांचं ते ‘कॉन्व्हेंटचं’ असतं आणि तुझं ते ‘गावाकडचं’. हा कानाचा न्याय नाही, ऐपतीचा आणि जातीचा आहे. हे तुला माहीत असलेलं बरं, म्हणजे तू त्याचा दोष स्वतःच्या जिभेला देणार नाहीस.

पण मी तुला गोड बोलून फसवणारही नाही. डबिंग, निवेदन, श्राव्य पुस्तकं यांत सर्वसाधारण मजकुराला प्रमाण उच्चार मागतात आणि मागत राहतील. ‘माझी बोली हीच माझी ओळख’ म्हणून तू ‘ण’ शिकायचं नाकारलंस तर अर्धी कामं दारातून परत जातील. तेव्हा शीक. नऊवारी नेसायला शिकतेस तशी शीक. ती नेसली म्हणून अंगावरची कातडी काढून ठेवावी लागत नाही.

मी ही चूक केलेली आहे, म्हणून जरा जास्त बोलते. मी खानदेशातली. घरात अहिराणी. तिथेही तुमच्यासारखाच ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘माझा’ म्हणायला ‘मना’. पुण्यात आल्यावर एका निवेदनाच्या चाचणीत माझा ‘ण’ पडला आणि मी ठरवलं, आता हे मुळातूनच उपटायचं. स्वप्नातसुद्धा प्रमाण बोलेन इतकी मी हट्टी. तीन वर्षांत जमलं. मग एका दिवाळीत गावी गेले. मला आयुष्यभर ‘चहा ले’ म्हणणारी काकू कपबशी पुढे करून म्हणाली, ‘चहा घ्या.’ ती रागावली नव्हती. तिला वाटलं, हिला आता असं बोललेलं बरं वाटत असेल. त्या एका शब्दाने मी घरात पाहुणी झाले. पुन्हा ‘ले’ ऐकायला मला कितीतरी खेपा घालाव्या लागल्या, आणि तोवर माझी अहिराणी अडखळायला लागली होती. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगते, पहाऱ्याला वेळ ठरवून दे. तालीम आणि त्याशिवाय अर्धा तास. बाकी दिवस तोंडातून येईल ते येऊ दे. आईच्या फोनवर तर ‘काऊन वं’ आणि ‘करून राह्यली’ बिनधास्त.

आता कामाचं. ‘ण’ तुला येत नाही हे खरं नाही. तो तुझ्या तोंडात आहे, फक्त एकटा बाहेर पडत नाही. ‘घंटा’ म्हण. ‘अंडं’ म्हण. यात ‘ट’ आणि ‘ड’च्या आधी जो अनुनासिक येतो तो ‘ण’च आहे. जीभ मागे वळून टाळूला टेकलेली असते. ‘घंऽऽऽटा’ म्हणताना त्या जागी जीभ धरून ठेव, आवाज नाकातून वाहू दे, आणि ‘टा’च्या जागी ‘आ’ सोड. ‘घणा’ झालं. तसंच ‘पाणी’, ‘कोण’, ‘आणि’. ‘ळ’साठीही जीभ त्याच जागी न्यायची, पण टेकून बसवायची नाही. फटकन सुटली पाहिजे. नव्याने शिकलेली माणसं ‘ळ’ इतका दाबतात की ‘शाळा’ ऐकताना कुणी सुपारी फोडतंय असं वाटतं. त्याने तू गावाकडची वाटणार नाहीस, शिकवणीला जाणारी वाटशील. ऑडिशनमध्ये ते जास्त वाईट.

उच्चार मात्र कामाचा लहान भाग. त्या परीक्षकांना तुझं बोलणं खटकलं त्यात ‘ण’ किती आणि श्वास किती, ही मला शंकाच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि नकार तर त्याच्याही मागे. ‘मी त्याला मारलं नाही.’ वाक्याच्या शेवटी श्वास संपला आणि ‘नाही’ गिळलं गेलं, तर तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या लेखी खून झाला! धास्तावलेला नट नेमका शेवट गिळतो, कारण त्याला वाक्य एकदाचं संपवायचं असतं. ऑडिशनला म्हणणार आहेस त्या उताऱ्यातलं प्रत्येक शेवटचं क्रियापद पेन्सिलने अधोरेखित कर आणि श्वास तिथवर पुरतो का बघ. पुरत नसेल तर आधी कुठे थांबायचं ते ठरव. हा दोष सुधारला की ‘भाषा सुधारली’ असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. भाषा होती तिथेच होती.

आणि एक व्यायाम, जो मी सगळ्यात जास्त करून घेते. तोच उतारा आधी वऱ्हाडीत सांग. पाठांतर नको, आजीला गोष्ट सांगतेस तसा. मोबाइलवर रेकॉर्ड कर. मग प्रमाण भाषेत म्हण, तेही रेकॉर्ड कर. ऐकताना ‘ण’ मोजू नकोस. कोणता आवाज खालच्या पट्टीत आहे, कुठे श्वास लांब आहे, कुठे हसू येऊन जातं, तेवढं ऐक. दहांतल्या आठ वेळा घरची बोली खाली आणि सैल असते, तर प्रमाण भाषा दोन-तीन स्वर वर चढलेली, ताठ. मग तिसऱ्यांदा म्हण. श्वास, पट्टी, ठेका वऱ्हाडीतला, वर्ण तेवढे बदललेले. पहिल्या दिवशी तारांबळ उडेल. महिनाभरात तुला कळेल की परीक्षकाला जो ‘छान आवाज’ आवडला होता तो तुझ्या गावचाच होता.

घसा सैल करायला ग्लासात दोन बोटं पाणी घे, स्ट्रॉ बुडव आणि बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हण, खालून वर, वरून खाली. दिवसातून चार-पाचदा, दोन-दोन मिनिटं. ओठांपाशी अडवलेली हवा मागे रेटते आणि तंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी अलगद भिडतात. दोन कॉलच्या मध्येही जमतं. शेजारची हसेल, तिलाही एक स्ट्रॉ दे.

नाटकाच्या बाजूने तुला एक गोष्ट सांगायची राहिली. तू ज्या जिल्ह्यातून आलीस, तिथल्याच शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांच्या कीर्तनाची ध्वनिफीत मिळाली तर डोळे मिटून ऐक. मुंबईच्या श्रोत्यांसमोर ते आपली बोली जराही झाकत नाहीत. प्रश्न टाकतात, थांबतात, आणि समोरचा जमाव उत्तर देतो. ते थांबणं ऐक. किती वेळ थांबायचं हे त्यांना श्रोत्यांच्या श्वासावरून कळायचं. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात एकटे रंगमंचावर उभे राहून मराठवाड्याच्या बोलीत 52 पात्रं उभी करायचे, तीही वेश न बदलता. प्रत्येक पात्राची चाल वेगळी, धाप वेगळी, शब्द ओठाच्या किती पुढे येतो ते वेगळं. दोघांपैकी कुणीही ‘आधी भाषा शुद्ध करून येतो’ म्हणून थांबलं नाही. उलट शहरातले नट गावाकडचं पात्र करतात तेव्हा काय होतं बघ. दोन ‘बावा’ आणि तीन ‘मले-तुले’ पेरले की झाली वऱ्हाडी. शब्द असतात, पण चाल नसते. ती चाल तुझ्याकडे फुकटात आहे. बहिणाबाईंची एखादी कविता ‘मानूस’च्या जागी ‘माणूस’ घालून म्हणून बघ, ओळ कशी लंगडते ते लगेच कळेल.

रूमवरच्या मुलींचं म्हणशील तर त्यांना दोन बाया दिसतात हे खोटं नाही. नटीत दोनच दिसल्या तर कमीच म्हणायच्या.

शेवटी तू विचारलंयस की येत्या ऑडिशनला स्वतःची ओळख कोणत्या भाषेत करून देऊ. इथे मत वेगळं असू शकतं, आणि समोर कोण बसलंय यावरही ते अवलंबून आहे. जाहिरातीचं काम असेल तर त्यांना दोन मिनिटांत माल बघायचा असतो, तिथे सरळ प्रमाण बोल. पण नाटकाची माणसं असतील तर मी म्हणेन, नाव, गाव, काय करतेस ते तुझ्या रोजच्या बोलण्यात सांग, ‘ण’ला हात न लावता. मग एक पूर्ण श्वास घे, कंठ खाली बसू दे आणि उतारा प्रमाण भाषेत सुरू कर. मधलं अंतर त्यांना ऐकू गेलं पाहिजे. ओळख ऐकताना ज्यांच्या भुवया वर गेल्या होत्या त्यांच्याकडे बघू नकोस, उताऱ्यातलं पहिलं क्रियापद कुठे आहे तिकडे बघ.